मराठी मंडळ नसलेलं बेट

संशय घेणं हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग आहे. क्रॉयडनमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत मी ट्रॅव्हल क्लेम्स बघते. सुट्टीवर गेलेल्या लोकांच्या बॅगा हरवतात, कॅमेरे समुद्रात पडतात, अंगठ्या हॉटेलच्या खोलीतून नाहीशा होतात, आणि हे सगळं खरंच घडलं का ते मी ठरवते. इतकी वर्षं हे काम केल्यावर कुणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तरी मी आधी घड्याळ बघते. त्यामुळे गेल्या वर्षी सासूबाईंनी जेवताजेवता “आपण त्या हेब्रिडीजला जाऊ या का?” असं विचारलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

इकडे येणाऱ्या आयांचं आणि सासवांचं सगळं ठरलेलं असतं. लंडनचा पूल, राजवाड्यासमोर फोटो, मग शाकाहारी जेवणाची हमी देणाऱ्या कोचमधून पॅरिस आणि स्वित्झर्लंड. हेब्रिडीज कुणी मागत नाही. स्कॉटलंडच्याही पश्चिमेला समुद्रात विस्कटून पडलेली ती बेटं आमच्या ऑफिसातल्या निम्म्या इंग्रजांनीसुद्धा पाहिलेली नाहीत. सासूबाईंनी मात्र फोनवर एक फोटो शोधून ठेवला होता. गवताने शाकारलेलं बसकं दगडी घर, मागे समुद्र, आजूबाजूला चिटपाखरू नाही. त्या घरात आता स्वस्तातलं हॉस्टेल होतं.

“तिथे आपली माणसं असतात का गं?” त्यांनी विचारलं.

“तिथे मेंढ्या असतात, आई.”

“मराठी मंडळ वगैरे?”

“अहो, तिथे कशाला असेल मंडळ? पोचायलाच जवळजवळ दोन दिवस लागतात.”

“मग तिथेच जाऊ,” असं म्हणून त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

मंडळाच्या बायकांनी त्यांना हैराण केलंय, असा मी अर्थ लावला. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात तिघीजणींनी त्यांना ‘गुड न्यूज कधी’ असं माझ्यादेखत विचारलं होतं. तरी तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

माझ्या या धास्तीचं खरं कारण सांगते. नवऱ्याने आणि मी वेगळं व्हायचं ठरवलं होतं. भांडणतंटा नाही, तिसरं माणूस नाही. दोघांमधलं बोलणं हळूहळू आटत गेलं आणि एके दिवशी ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. कागदपत्रं सुरू करणार तेवढ्यात सासूबाईंचा व्हिसा आला. नवरा म्हणाला, “आईला पुण्याला परत गेल्यावर सांगू. इथे असताना नको.” मी लगेच हो म्हटलं, पण माझं कारण त्याच्यापेक्षा वेगळं होतं. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. लग्नानंतर ‘आई’ ही हाक मी एकाच बाईला मारत आले. नवरा सुटणार, याची मनाची तयारी झाली होती. ही बाई सुटणार, हे मला सोसत नव्हतं. ज्या दिवशी त्यांना कळेल, त्या दिवसापासून मी त्यांची कुणी राहणार नाही, अशी माझी खात्री होती. म्हणून तो दिवस जमेल तेवढा लांबवायचा होता.

त्या येण्याआधी मी घर कामाच्या शिस्तीने साफ केलं. बॉक्सरूममधले, म्हणजे घरातल्या चिमुकल्या जादा खोलीतले, माझे कपडे मोठ्या कपाटात गेले. फ्रीजमध्ये आम्ही वाटून घेतलेल्या फळ्या होत्या, त्या एक केल्या. वेगवेगळे साबण, वेगवेगळे टॉवेल सगळं एकाच जागी आलं. मी बॉक्सरूममध्ये झोपते त्याला ‘तो घोरतो’ हे कारण तयार ठेवलं. आमचं घर बघून कुठल्याही क्लेम तपासनिसाने हे सुखी जोडपं म्हणून शिक्का मारला असता.

पण सासूबाई साधंसुधं गिऱ्हाईक नव्हत्या. त्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, आणि परीक्षेत कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. फळ्याकडे तोंड करून उभ्या असल्या तरी मागच्या बाकावर काय चाललंय ते त्यांना कळायचं, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. अशा बाईने मला बॉक्सरूमबद्दल एकदाही विचारलं नाही. ‘तो घोरतो’ हे माझं कारण वाया गेलं. जो क्लेमवाला एकही प्रश्न न विचारता सही करतो, त्याची फाइल मी दोनदा वाचते. यांना माहीत आहे की नाही? दिवसभर ऑफिसात माझ्या डोक्यात तेच.

नवरा आमच्याबरोबर येणार होता, पण आयत्या वेळी त्याच्या ऑफिसात काहीतरी निघालं. “तुम्ही दोघी जा ना, मज्जा करा,” असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. सासूबाईंनी नुसतं “बरं” म्हटलं. त्या ‘बरं’चाही मला संशय आला. मुलगा येत नाही म्हणून एकही आई इतकी पटकन बरं म्हणत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्या एकट्याच ट्रॅममधून वेस्ट क्रॉयडनला जाऊन आल्या. काय आणलंत म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही गं, किरकोळ.” मी ठेपले करत असताना त्यांची बॅग उघडी होती. आत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं. मी हात लावून पाहिलं. नारळ. शेंडीसकट. तिथल्या लंडन रोडवरच्या तमिळ दुकानातलाच असणार.

आणि मग एका क्षणात सगळं जुळलं. सासूबाईंचं माहेर दापोलीकडचं, समुद्राला नारळ देणाऱ्यांचं. आम्हाला मूल नाही. मंडळाच्या बायकांनी डोकं खाल्लेलं. म्हणजे ही बाई समुद्रात नारळ सोडून नवस बोलायला चालली होती! नातवंडासाठी नाहीतर मोडत चाललेल्या संसारासाठी, नाहीतर दोन्हींसाठी. लांबचं बेट अशासाठी की जवळच्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर नारळ सोडला तर कौन्सिलवाले दंड करतील. माझा तर्क मला इतका पटला की मला रडूच यायला लागलं. ते रडू रागाचं होतं. माझ्या नावाने बोललेला नवस, मला न विचारता!

प्रवास स्वस्तातला होता, म्हणजे अंगाला जाणवेल असा. लंडनहून ग्लासगोपर्यंत कोच, तिथून स्काय बेटापर्यंत दुसरी बस, मग फेरीबोट, मग आणखी एक लहान बस. सासूबाईंनी कुरकुर केली नाही. स्कायच्या वाटेवर डोंगरांवरून उतरलेले ढग बघून “अगदी महाबळेश्वर” म्हणाल्या, आणि मग थोड्या वेळाने “नाही, हे जास्त एकटं आहे” अशी दुरुस्ती केली. फेरीवर त्या डेकवर उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्या शेजारी, त्यांच्या बॅगेवर नजर ठेवून. पाण्याजवळ आल्यावर हात बॅगेकडे जातो का बघत होते. गेला, पण ठेपला काढायला.

हॉस्टेलच्या दाराला कुलूप नव्हतं. म्हणजे लावलेलं नव्हतं असं नाही, कुलूप लावायची सोयच नव्हती. बुकिंगही नसतं. आत जायचं, रिकामा पलंग बघायचा, सामान टाकायचं. संध्याकाळी जवळच्या घरातून एक म्हाताऱ्या बाई येतात आणि पैसे घेऊन जातात. इतक्या बिनघोर व्यवस्थेत काहीतरी गोम असणारच, असं मला वाटलं. मी पुण्याहून आणलेली रेल्वेतली साखळी आणि कुलूप काढलं आणि दोन्ही बॅगा पलंगाच्या पायाला बांधल्या.

खोलीत एक डच बाई होत्या, सायकलने बेटं फिरणाऱ्या, साठी उलटलेल्या. त्यांनी कौतुकाने साखळीकडे पाहिलं आणि विचारलं, “तुमच्या सायकली कुठे आहेत?”

“सायकली नाहीत. बॅगांसाठी आहे.”

त्या जरा गोंधळल्या. मग सासूबाईंकडे बघून त्यांनी विचारलं, “युअर मदर?”

“मदर-इन-लॉ,” मी म्हटलं. नको तितक्या चटकन म्हटलं. सासूबाई उशीला अभ्रा घालत होत्या. इंग्रजी त्यांना चांगलं येतं. त्यांनी अभ्र्याची टोकं नीट बसवली.

संध्याकाळी पैसे घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाई जुनी ओळख असावी तशा डच बाईंशी बोलत बसल्या. मधूनच फोन आला तेव्हा त्या गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत बोलल्या. सासूबाई कान देऊन ऐकत राहिल्या. “कळत काही नाही,” त्या मला म्हणाल्या, “पण रागावलेल्या नाहीत, हे कळतं. आमच्याकडे दापोलीला नदीपलीकडच्या बायका असंच एका दमात बोलायच्या.” मी हूं म्हटलं. माझं लक्ष दुसरीकडे होतं. स्वयंपाकघरात एक फळी होती, जाणाऱ्यांनी उरलेला शिधा तिथे ठेवायचा आणि येणाऱ्यांनी हवा तो घ्यायचा. पास्ता, ओट्स, अर्धी मिठाची पिशवी. सासूबाई त्या फळीपाशी गेल्या, इकडेतिकडे पाहिलं, तांदळाच्या पाकिटातून चार मुठी तांदूळ रुमालात घेतले आणि रुमालाला गाठ मारली.

“आई!” मी दबक्या आवाजात म्हटलं. “आपल्याकडे आहेत की तांदूळ. लोक काय म्हणतील?”

“फ्री आहेत ना? वर लिहिलंय.”

“पण कशाला?”

“असू दे गं.”

असू दे! घरी आमच्या मसाल्याच्या डब्यातली हळद कमी झाली होती, तेही मी पाहिलं होतं. नारळ, तांदूळ, हळद. सगळी तयारी झाली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या बेटांवर रविवार फार कडक पाळतात. बस नाही, दुकान नाही, कुणी शेतात नाही. सासूबाईंनी सकाळी परकर आणि टॉवेल धुऊन बाहेर दोरीवर घातले, तर डच बाई धावत आल्या. रविवारी कपडे वाळत घातलेले इथल्या लोकांना आवडत नाहीत, म्हणाल्या. सासूबाईंनी लगेच दोरीवरचे कपडे काढून घेतले. वर मलाच म्हणाल्या, “तुला माहीत नव्हतं? एवढी वर्षं या देशात राहतेस.” ओला परकर आत खुर्चीवर पसरून त्यांनी आपली पिशवी खांद्याला लावली.

“चल, समुद्रावर जाऊन येऊ. सगळे चर्चला गेलेत.”

मला तेव्हा जे वाटलं ते सरळच सांगते. मला त्यांची भीती वाटली. गवतातली बारीक पिवळी फुलं तुडवत त्या पुढे चालत होत्या, साडीवर माझ्या नवऱ्याचं जुनं जॅकेट, पायात मोजे आणि सँडल्स, आणि मी मागे. मनातल्या मनात मी वाक्यं जुळवत होते. समुद्रकिनारा पांढराशुभ्र आणि पूर्ण रिकामा होता. वारा असा की बोलणं ओरडूनच करावं लागत होतं. त्या एका खडकाच्या आडोशाला थांबल्या, पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून नारळ.

“आई, थांबा,” मी म्हटलं. “नवस बोलू नका. प्लीज. त्याचा काही उपयोग नाही. आम्ही वेगळे होतोय. ठरलंय आमचं. पेपर्स जायचे बाकी आहेत. तुम्ही पुण्याला गेल्यावर सांगणार होतो.”

एका दमात सांगून टाकलं. सासूबाई नारळ हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

“नवस कसला?” त्यांनी विचारलं.

“मग हा नारळ?”

“तू वेडी आहेस का गं? नवसाने कुणाचं बोलणं सुरू होतं?” मग म्हणाल्या, “वेगळे होताय ते मला माहितीये.”

“त्याने सांगितलं?”

“त्याने कसलं सांगायचंय. तो लहानपणीसुद्धा पडला तर घरी येऊन गुडघा लपवायचा. मी आले त्या दिवशी चहा करायला फ्रीज उघडला. दुधाच्या दोन बाटल्या. दोन्ही हिरव्या झाकणाच्या, सारख्याच, आणि दोन्ही फोडलेल्या. दोन माणसांच्या घरात एक संपल्याशिवाय कोण दुसरी फोडतं?”

मी वाळूत बसले. साबण लपवले, टॉवेल लपवले, कपाटं भरली, आणि दूध राहिलं. लोकांच्या पावत्यांवरच्या खाडाखोडी शोधण्यासाठी मला पगार मिळतो.

“मग विचारलं का नाहीत?”

“विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस. मला तुझ्या तोंडून खोटं ऐकायचं नव्हतं. ऊठ आता. वारा वाढतोय.”

त्यांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून खडकावर मांडली. रुमालातले तांदूळ. हळकुंड आणि सुपारी. कागदाच्या पुडीत हळद, दुसऱ्या पुडीत कुंकू. शेवटी एक खण निघाला, हिरवा, लाल काठाचा. तो क्रॉयडनला मिळणारा नव्हता. पुण्याहून येताना आणलेला होता. म्हणजे दुधाच्या बाटल्या पाहायच्या आधीच.

“हा तुला असाच द्यायला आणला होता,” त्या म्हणाल्या. “मग म्हटलं, ओटीच भरावी.”

सासरे जाऊन पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून सासूबाईंनी कुणाची ओटी भरलेली मी पाहिली नव्हती. नात्यातल्या लग्नात ओटीचं ताट आलं की त्या आपण होऊन मागे सरकायच्या, पाणी प्यायचं निमित्त करून आत जायच्या. एकदा मी त्यांचा हात धरून पुढे आणायला गेले तर त्यांनी हात सोडवून घेतला होता.

“माझ्या हातची चालते की नाही, मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पुण्यात भरली असती तर दहाजणींनी आधी मला ऐकवलं असतं आणि मग तुला. क्रॉयडनला तुमचं मंडळ आहेच. म्हणून म्हटलं, जिथे आपल्यातलं कुणी बघायला नाही तिथे जाऊ. तू विचारत होतीस ना सारखी, हेच बेट का म्हणून.”

मी विचारलं नव्हतं. एकदाही तोंडाने विचारलं नव्हतं. पण कॉपी पकडणाऱ्या बाईपुढे ते काय टिकणार.

“पण आई, ओटी कसली? मी तर चाललेय.”

“म्हणूनच. माहेरून निघणाऱ्या मुलीची भरतात ना, परत ये म्हणून? तुझं माहेर कुठेय दुसरं?” त्यांचा आवाज तिथे फाटला, वाऱ्याने की कशाने मला सांगता येणार नाही. “घटस्फोट तुम्ही दोघं घेताय. मला कसली नोटीस आलेली नाही. पदर घे.”

पदर कुठला घेणार? माझ्या अंगावर रेनकोट होता. मी त्याचा पुढचा घेर दोन्ही हातांनी धरून झोळी केली. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, वाऱ्यात जरा तिरकंच लागलं. मग ओंजळीने तांदूळ घातले, निम्मे वाऱ्याने उडून वाळूत गेले. हळकुंड, सुपारी, खण, वर नारळ. मी वाकायला गेले तर नारळ निसटायला लागला, तेव्हा त्यांनी एका हाताने नारळ धरला आणि दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी रडले. आवाज करून रडले, तिथे ऐकायला कुणी नव्हतंच.

परतताना मात्र माझा मूळ स्वभाव उफाळून आला. “आई, परत ये म्हणताय, पण कुठे? तुमच्या घरी तोही येणार. समोरासमोर आलो तर?”

“तू आधी कळव. मग त्याला सांगेन, त्या महिन्यात येऊ नकोस.”

“त्याला वाईट वाटेल.”

“वाटू दे थोडं.”

त्या संध्याकाळी आम्ही ओटीतल्या तांदळांची खीर केली. वाळू निवडून काढली होती तरी दाताखाली येत होती. डच बाईंनी दोनदा घेतली. नारळ कसा फोडायचा हा प्रश्न होता. सासूबाईंनी माझं ते रेल्वेचं कुलूप मागून घेतलं आणि दाराच्या दगडी उंबऱ्यावर बसून त्याने फोडला.

क्रॉयडनला पोचलो तेव्हा नवरा घरीच होता. त्याने जेवण मागवून ठेवलं होतं, आणि आम्ही नसताना घरही आवरलं होतं. “मग, कसं होतं आई तुझं बेट?” त्याने विचारलं आणि माझ्याकडे एक नजर टाकली, काही बोललीस का अशी. मी बूट काढायला वाकले. सासूबाईंनी हातपाय धुतले, फ्रीज उघडला, आत वाकून बघितलं आणि बंद केला. मग पायात सँडल्स अडकवून “आलेच” म्हणत बाहेर गेल्या.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात हिरव्या झाकणाची दुधाची बाटली होती. त्यांनी फ्रीज उघडला, आतली अर्धी बाटली एका फळीवर सरकवली आणि नवी बाटली झाकण फोडून दुसऱ्या फळीवर ठेवली.

“ही तुझी,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आणि ही हिची. आता दोघं बसा, मी चहा टाकते.”